पाच नंबर आणि सहा नंबर

नर्सिंगच्या मुलींना मी वॉर्डात शिकवते. उत्तर गोव्यातल्या एका ऑर्थो वॉर्डात तेव्हा आमची पोस्टिंग होती. पाच नंबरच्या कॉटवर सत्तरीकडच्या एक मावशी होत्या. काजूच्या बागेत घसरून घोटा मोडलेला. एचआयव्हीच्या गोळ्या त्या कित्येक वर्षं नेमानं घेत होत्या, रक्तातला विषाणू चाचणीत सापडतही नव्हता. केस पेपरच्या कव्हरवर मात्र कुणीतरी त्यांचा आजार लाल पेनानं ठळक लिहून ठेवला होता.

मुलींचा अभ्यास पक्का होता. हा विषाणू कशानं पसरतो, कशानं नाही, हे पेपरात सगळ्यांनी बिनचूक लिहिलेलं. तरी मावशींचं बीपी घ्यायला दोघी गेल्या त्या हातमोज्यांचे दोन-दोन जोड चढवून. बीपीला हातमोजे कशाला? मावशींनी मुकाट्यानं बाही वर केली. त्याच वेळी शेजारच्या सहा नंबरवर तिसरी मुलगी आजोबांच्या हातातली सलाईनची सुई काढत होती. उघड्या हातांनी. बोटांना रक्त लागलेलं.

मला जास्त राग आला तो सहा नंबरचा. आजोबांच्या रक्तात काय आहे, कुणाला ठाऊक होतं? त्यांच्या पेपरवर काही लिहिलेलं नव्हतं, एवढाच काय तो तिचा भरवसा.

आधी तिचे हात साबणानं धुवून घेतले. कातडी कुठं फाटलेली नव्हती, तरी घटनेची नोंद करायला लावली. मग सगळ्यांना ड्युटी रूममध्ये बसवून आकडे सांगितले. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात साधारण 3. हिपॅटायटिस बीचा, लस न घेतलेल्याला, शंभरात 30 पर्यंत. एचआयव्ही टाळायला जास्तीत जास्त 72 तासांच्या आत गोळ्या सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि त्या 28 दिवस घ्यायच्या. रक्ताशी संबंध येणार असेल तर हातमोजे प्रत्येक रुग्णाच्या वेळी.

डॉमिनिक डिसोझा हे नाव एकीलाही माहीत नव्हतं, गोव्याच्या असून. नियमित रक्तदान करणाऱ्या या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून 1989 मध्ये त्याला पोलीस घेऊन गेले, म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये 64 दिवस डांबून ठेवलं. तेव्हाचा गोव्याचा आरोग्य कायदाच तसा होता. आज एचआयव्ही-एड्सबद्दलचा 2017 चा कायदा आहे. रुग्णाच्या संमतीवाचून हे असं उघड करता येत नाही. सिस्टर इन्चार्जशी बोलून ते कव्हर बदलून घेतलं. गोवा केवढासा! भेटायच्या वेळेला शेजारच्या कॉटकडे मावशींच्या वाड्यावरचं कुणीतरी येणारच.

दुपारचं बीपी त्या दोघींपैकी एकीनं घेतलं, हातमोज्यांशिवाय. "कितले थंड गो हात तुजे, बाय," मावशी म्हणाल्या आणि घरच्या गोष्टी सांगत बसल्या.

रक्त लागलेली मुलगी मागे रेंगाळली. "मॅडम, माझं हिपॅटायटिस बीचं तिसरं इंजेक्शन राहिलंय. चालेल ना?" चालणार नव्हतं. विचारलं तर आणखी काही जणींचंही राहिलेलं निघालं. त्याच दुपारी सगळ्यांना लसीकरणाला पाठवलं.