छपरापासून खाली

जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या आमच्या पेढीत एक नियम आहे. छप्पर दुरुस्त झाल्याशिवाय इमारतीच्या दर्शनी भिंतीला ब्रश लावायचा नाही. या नियमापायी आम्ही कामं सोडली आहेत, त्यातली दोन तर चांगल्या पैशांची होती. नियम कुठून आला ते सांगते, म्हणजे आमची वाटचालही त्यातच सांगून होईल.

माझे बाबा डिचोलीचे, चुन्याचं काम करणारे गवंडी. २००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आली, तेव्हा पणजीतली गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी इमारत आणि शेजारचा माकिनेझ पॅलेस सरकारी पैशाने दुरुस्त झाले. बाबा तिथे रोजंदारीवर होते. मी सिव्हिलच्या डिप्लोमाला होते आणि सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा घेऊन जायचे. चुना किती दिवस मुरू द्यायचा आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला सिमेंटचा गिलावा का करू नये, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही, ते मी तिथे शिकले. चिरा पावसाचं पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. वरून सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि आतला चिरा भुसभुशीत होत जातो.

२००९ मध्ये म्हापशात दहा बाय बाराची खोली भाड्याने घेऊन आम्ही स्वतःचं काम सुरू केलं. बाबा, मी आणि पेडण्याचे दोन कामगार. पहिली तीन वर्षं घरांचीच कामं केली: नळे (अर्धगोल कौलं) परतणं, कुजलेले वासे बदलणं, शिंपल्यांच्या खिडक्यांची तावदानं बसवणं.

मग एका पालिकेने बाजारातल्या जुन्या दुकानांच्या दर्शनी भागाचं काम काढलं. पैसे सरकारी, मुदत सणापर्यंतची. बाजारात पाऊल ठेवायला मिळतंय म्हणून मला फार आनंद झाला होता. आम्ही नऊ इमारतींना पिवळा, निळा, कावेचा लाल असे रंग दिले, कडांना पांढऱ्या पट्ट्या ओढल्या. काम खरोखर देखणं झालं. त्यातल्या एका इमारतीत कापडाचं दुकान होतं. तिथले म्हातारे शेठ रस्त्यापलीकडे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बाय, रंग बरो जाला, पूण वयर कोण पळयता?"

वर कुणीच बघत नव्हतं. मीही जिना चढले नव्हते. कामाच्या यादीत छप्पर नव्हतंच.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत एका रात्री त्या इमारतीचा मधला वासा मोडला. छपराचा कोपरा आत बसला आणि वरच्या मजल्याची लाकडी जमीन कापडाच्या गठ्ठ्यांवर आली. दुकान बंद होतं, माणूस वाचला. सकाळी गेले तेव्हा समोरची भिंत तशीच, पिवळीधमक उभी होती. बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत, आणि ते मला अजून लागतं. त्या रंगाचे शेवटचे पैसे तेव्हाही आमच्या हाती आले नव्हते. काम संपल्यावर चौदा महिने आम्ही बिलामागे फिरत होतो. कामगारांना शनिवारी मजुरी द्यावीच लागते, म्हणून बाबांची मुदतठेव मोडली. अनुदान मंजूर होणं आणि पैसे मिळणं यांच्यात जे महिने जातात, ते छोट्या ठेकेदाराच्या घरातून जातात.

त्यानंतर मी प्रत्येक इमारतीत आधी वर चढते. बाजारातल्या जुन्या इमारतींचं दुखणं जवळजवळ नेहमी वरून सुरू होतं. खाली दुकान चालतं, त्याचं शटर रोज उघडतं. वरचा मजला मात्र वर्षानुवर्षं बंद. तिथला एक नळा सरकला तर कळणार कुणाला? पहिल्या पावसात रीप भिजते, तिसऱ्या पावसात वासा, आणि दहाव्या पावसापर्यंत भिंतीत पिंपळ उगवलेला असतो.

मालक दुष्ट आणि भाडेकरू आळशी, असं बोलणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालची कित्येक दुकानं अजून इतक्या जुन्या भाड्यावर आहेत की वर्षभराच्या भाड्यात चार वासे येत नाहीत. मालक म्हणतो, मी का घालू? भाडेकरू म्हणतो, इमारत माझी कुठे आहे? दोघांचंही म्हणणं खरं असतं. त्यात आपल्या गोव्यातला वारसा कायदा. नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे निम्मी-निम्मी, मुलांचा ठरलेला हिस्सा कुणाला तोडता येत नाही. मला हा कायदा न्याय्य वाटतो, बायकांना त्याने आधार दिला आहे. पण इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, वेळेवर झाली नाही तर तिसऱ्या पिढीत एका दुकानाच्या कागदावर वीस नावं येतात, त्यातली काही लिस्बनला, काही मुंबईला, आणि छपराच्या कामाला सगळ्यांची सही लागते.

मडगावच्या जुन्या बाजारातली एक इमारत अशीच होती. चौदा वारस, खाली तीन दुकानं, वर मोठा दिवाणखाना, त्यात कबुतरं. वारसांपैकी एक बाई अमेरिकेत पेन्सिल्वेनियात राहतात. सह्या गोळा करताना त्यांच्याशी रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलणं व्हायचं. त्यांच्या गावातही बाजारपेठ ओस पडलेली, वरचे मजले रिकामे. तिकडे सरकार त्यासाठी काय करतं ते त्यांनी मला समजावलं, आणि मी नंतर ते नीट वाचून काढलं.

तिकडे १९७४ पासून केंद्राचा एक निधी शहरांना मिळतो आणि मोडकळीला आलेला भाग सावरणं हा त्याच्या ठरवून दिलेल्या उद्देशांपैकी एक आहे. कितीतरी गावं दुकानदारांना दर्शनी भागाच्या दुरुस्तीसाठी अनुदान देतात, बहुधा निम्मा खर्च मालकाचा आणि सरकारचे पैसे काम झाल्यावर. हे ऐकून मला आमचे चौदा महिने आठवले. मला जास्त शिकवलं ते दुसऱ्या सवलतीने. १९७६ च्या कायद्यापासून तिकडे जुन्या वारसा इमारतींच्या दुरुस्तीवर आयकरात सूट आहे, आज ती खर्चाच्या २० टक्के आहे आणि पाच वर्षांत वाटून मिळते. ती राहत्या घराला नाही, उत्पन्न देणाऱ्या इमारतीलाच. काम ठरलेल्या निकषांप्रमाणे झालं की नाही ते तिकडचं राष्ट्रीय उद्यान खातं तपासतं. आणि मुख्य अट अशी की जमीन वगळून इमारतीची हिशेबातली जी किंमत उरते, तिच्याहून जास्त खर्च दुरुस्तीवर व्हायला हवा, तोही साधारण दोन वर्षांच्या आत. म्हणजे नुसतं तोंड रंगवून सूट मिळत नाही. पाच वर्षांच्या आत इमारत विकली तर सवलतीचा काही भाग परत करावा लागतो. त्या रात्री मी बाबांना उठवून ही अट सांगितली. ते म्हणाले, "मग ते लोक जिना चढलेत."

आपल्याकडे अशी तरतूद त्या इमारतीसाठी आम्हाला मिळाली नाही. वाट बघण्याइतके पावसाळे तिच्यात उरले नव्हते. मग तीन उन्हाळ्यांचा हिशेब मांडला. पहिल्या उन्हाळ्यात फक्त छप्पर, त्याचा खर्च साडेनऊ लाख. वारसांनी निम्मा उचलला. तिन्ही दुकानदारांनी उरलेला आगाऊ भाडं म्हणून दिला, आणि ते कसं वळतं होणार ते वकिलाकडून लिहून घेतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात जिना आणि वरची जमीन. तिसऱ्या उन्हाळ्यात चुन्याचा गिलावा.

वरचा मजला वापरात आला नाही तर हे छप्परही पुन्हा कुजणार, हे आम्ही वारसांना पहिल्या दिवसापासून सांगत होतो. तिथे आता एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं युनिट आहे. त्यांनी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेतलं. शहरात महिलेला त्यात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान मिळतं. ते हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत तिच्या नावे ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू असल्याचं पाहून मग कर्जात वळतं होतं. कार्यक्रम इमारतीसाठी नाही. पण त्यांच्या सात मशिनी रोज चालतात, म्हणून खिडक्या रोज उघडतात, आणि थेंब गळला तर त्याच दिवशी मला फोन येतो. जुन्या इमारतीची याहून चांगली राखण मला माहीत नाही.

गेल्या वर्षी आम्ही चार पानांचं निवेदन तयार करून बाजारपेठांच्या पालिकांना दिलं. मागणी साधी आहे. जुन्या दुकानांसाठी पैसे काढाल तेव्हा पहिला हप्ता छपराला द्या आणि तो काम सुरू होताना द्या. दुसरा हप्ता वासे तपासून. रंगाला शेवटचा. वरचा मजला पाच वर्षं वापरात ठेवण्याचं मालकाकडून लिहून घ्या. भाडेकरूलाही अर्ज करता यावा. सगळ्या वारसांच्या सह्या मागायच्या असतील तर निदान छपराच्या तातडीच्या कामापुरती एकाची सही चालवा. एका ठिकाणी अभियंत्यांनी तासभर बसवून प्रश्न विचारले, बाकीच्या ठिकाणांहून उत्तर यायचं आहे. मी दर महिन्याला जाते.

आज आम्ही अकरा जण आहोत. बाबा आता शिडी चढत नाहीत, पण चुन्याच्या टाकीपाशी त्यांच्याशिवाय कुणी हात घालत नाही. यंदा उन्हाळ्यात आम्ही कापडाच्या त्या दुकानाचं छप्पर बांधलं. शेठ गेले, त्यांचा मुलगा गल्ल्यावर असतो. खर्चाचा मोठा भाग त्याचा, मजुरीतला थोडा आम्ही सोडला. मंगळुरी कौलं मेच्या शेवटच्या आठवड्यात चढली, पहिला पाऊस आला तेव्हा मी आणि तो वरच्या मजल्यावर कोरड्या जमिनीवर उभे होतो. समोरच्या भिंतीवर आम्ही दिलेला पिवळा रंग अजून कुठे कुठे आहे. नवा कधी देणार म्हणून तो दर शुक्रवारी विचारतो. भिंत आतून ओली आहे. दिवाळीनंतर बघू, असं मी सांगितलंय.