एकाच फटीत पिंजणारा दोरा

निवृत्त बँक अधिकारी असलेल्या त्या गृहस्थांनी खुर्चीत बसण्याआधी खिशातून एक पाकीट काढले आणि त्यातले फ्लॉसचे, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचे, पिंजलेले तुकडे माझ्यापुढे मांडले. खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या दोन दाढांच्या फटीतच दोरा पिंजतो आणि तिथूनच रक्त येते, एवढीच त्यांची तक्रार होती. दुखत काहीच नव्हते. "दोऱ्याने फटी वाढतात" असे सांगून आधीच्या दोन दंतवैद्यांनी त्यांना तो बंद करायला लावला होता. हा गैरसमज आमच्याच व्यवसायातल्या माणसांनी पसरवावा, याचा मला संताप येतो.

मी त्यांना आधी दोरा वापरून दाखवायला सांगितले. सुमारे ४५ सेंटिमीटर दोरा दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळून, हिसका न देता मागेपुढे सरकवत फटीत उतरवायचा, एका दाढेला अर्धचंद्रासारखा लपेटून हिरडीच्या कडेखाली हलकेच नेत वरखाली फिरवायचा आणि मग शेजारच्या दाढेला तसेच करायचे. हे त्यांनी इतके नेटके केले की दोष हाताचा नव्हता, हे स्पष्ट झाले.

बाइटविंग एक्स-रेमध्ये, म्हणजे दातांमधल्या फटी दाखवणाऱ्या एक्स-रेमध्ये, उलगडा झाला. पहिल्या दाढेत भरलेल्या चांदीची कड हिरडीजवळ फळीसारखी बाहेर आली होती. दाढेची बाजू भरताना तिच्याभोवती धातूची पट्टी आवळतात आणि फटीत, पट्टीच्या बुडाशी, लाकडी पाचर ठोकतात. पाचर नसेल किंवा सैल असेल, तर दाबलेली चांदी पट्टीखालून निसटते आणि तशीच घट्ट होते. वरून पाहिले तर काम देखणे दिसते. त्या कडेखालचा जंतूंचा थर ब्रशने निघत नाही, हिरडी सुजते आणि हाड खचत जाते. इथे ते खचू लागलेही होते. रुग्णाला सोडण्यापूर्वी फटीतून एकदा दोरा फिरवला असता, तर हे अर्ध्या मिनिटात कळले असते. पण तेवढा वेळ कोणी काढत नाही.

जुने भरण काढून मी पट्टी आणि पाचर लावून दाढ नव्याने भरली, आणि दोरा अखंड बाहेर आला. काही आठवड्यांत रक्त येणे थांबले. गेलेले हाड मात्र परत येणार नाही, हे त्यांना सांगावेच लागले.

"मग त्या दोघांनी दोरा बंद करायला का सांगितले?" त्यांनी शांतपणे विचारले. ती दाढ भरणारा त्या दोघांपैकीच एक आहे आणि महाविद्यालयात माझ्या वर्गात होता. त्याला फोन करून हा एक्स-रे दाखवावा की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.