'राखणदाराच्या वहाणा', भाग दुसरा : कामाची सातवी नोंद

मागच्या नोंदीत मोठ्या उत्साहाने दाखवलेला, माझ्या ॲनिमेशनपटाच्या दुसऱ्या भागाचा ६१ चौकटींचा स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रांतला आराखडा) मी गेल्या महिन्यात बाजूला काढून ठेवला आहे. त्याचे कारण सविस्तर लिहितो, कारण फँटसी ॲनिमेशनपटाचा दुसरा भाग कशामुळे जमतो, हा प्रश्न आपल्यापैकी ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर घरच्या घरी मालिका रचणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी अडवणारच आहे.

पहिला भाग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की त्यात वहाणा शिवणाऱ्या घरातली एक मुलगी, झिजलेल्या पायताणामुळे फेरी सोडून शिवेवर बसून राहिलेल्या गावच्या राखणदारासाठी नवा जोड शिवते आणि शेवटी तो पुन्हा रात्रीच्या फेरीला निघतो. सिंधुदुर्गात शिरोड्याजवळ आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या ग्रामदेवतेला, भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात आणि रात्रीच्या फेरीत त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. कल्पना तिथूनच आलेली. दुसऱ्या भागात मी शेजारच्या गावचा, याच्या दुप्पट उंचीचा एक दुष्ट देवचार, म्हणजे कोकणातल्या समजुतीतले राखणीचे भूत, आणला होता आणि शेवटी त्या दोघांची झुंज लावली होती. ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डच्या चौकटी वेळेनुसार जोडून केलेली कच्ची चित्रफीत) सलग पाहिल्यावर मात्र लक्षात आले, की पहिला भाग पूर्णपणे झाकून ठेवला तरी या गोष्टीतले काहीही बिघडत नव्हते. म्हणजे मी दुसरा भाग लिहिलाच नव्हता, त्याच पात्रांना घेऊन एक वेगळी मारामारी लिहिली होती.

त्यामुळे महिनाभर हातातले काम थांबवून डीन डिब्लॉय यांचा २०१४ सालचा 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन २' वही घेऊन, शॉट थांबवत थांबवत पाहिला आणि त्याआधी २०१० सालचा पहिला भागही तसाच पाहिला. पहिल्या भागात पंधरा वर्षांचा हिकप टूथलेस या ड्रॅगनला मारायचे नाकारतो, त्याच्याशी मैत्री करतो आणि अखेरीस हट्टी वडिलांचे, म्हणजे स्टॉइकचे, मन वळवतो. दुसरा भाग नेमके हेच यश हातात घेतो. ड्रॅगनांची फौज उभारणाऱ्या ड्रॅगोशी बोलायला हिकप निघतो तेव्हा त्याचा सगळा भरवसा एकाच अनुभवावर असतो : मी वडिलांना बदलू शकलो, मग यालाही बदलीन. प्रेक्षकालाही ते पटते, कारण पहिल्या चित्रपटाने त्याला हेच शिकवलेले असते. आणि मग ते चालत नाही. ड्रॅगोच्या प्रचंड ड्रॅगनच्या ताब्यात गेलेला टूथलेस हिकपवर आगीचा लोळ सोडतो, स्टॉइक मध्ये येतो आणि मरतो. पहिल्या भागात जी मैत्री कमावली, तिच्याच हातून हे घडते, म्हणून ते इतके लागते. एखाद्या परक्या राक्षसाने स्टॉइकला मारले असते तर डोळ्यांत पाणी आले असते, पण पहिला भाग असा मुळापासून हादरला नसता.

चित्रपट इथेच थांबला असता तर तो केवळ कडवट ठरला असता. पुढे टूथलेसला परत आणताना हिकपच्या कामी येते ती जुनीच माया. ड्रॅगो मात्र शेवटपर्यंत बदलत नाही. जुना उपाय खोटा ठरत नाही, फक्त त्याची हद्द कळते. माझ्या वहीत या एका ओळीखाली तीनदा रेघ मारलेली आहे. पटकथेतली आणखी एक सोय मला फार आवडली. वीस वर्षे ड्रॅगनांमध्ये राहिलेली हिकपची आई वाल्का त्यांना माणसांपासून लपवून ठेवू पाहते, ड्रॅगो त्यांना दहशतीने जुंपतो आणि हिकप बोलू पाहतो. एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत, त्यामुळे नवी पात्रे भरीला घातल्यासारखी वाटत नाहीत.

मध्ये पाच वर्षे जाऊ देण्याचा निर्णय तर सर्वांत धाडसी म्हणावा लागेल, कारण लाडक्या पात्राचे वय वाढवायला सहसा कोणी धजावत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी हिकपने पाय गमावला होता. दुसऱ्यात तो कृत्रिम पाय त्याने इतका सुधारलेला आहे, की तो खोगिराच्या रिकिबीत खटकन बसतो, आणि याचे स्पष्टीकरण कोणी एका शब्दानेही देत नाही. स्टॉइक आणि वाल्का पुन्हा भेटतात त्या दृश्यात ती अपराधी मनाने बोलत राहते आणि तो जवळजवळ गप्पच असतो. सगळा अभिनय डोळ्यांत आणि खांद्यांत आहे. ड्रीमवर्क्सची 'प्रीमो' ही प्रणाली या चित्रपटासाठी प्रथम वापरली गेली, जिच्यामुळे आकड्यांचे तक्ते भरण्याऐवजी ॲनिमेटर पडद्यावरच्या पात्राला थेट लेखणीने धरून वळवू शकत होते. (आपल्याला ब्लेंडरमध्ये हे फुकट मिळते आणि तरीही आपली पात्रे ठोकळ्यासारखी उभी राहतात, हा भाग वेगळा.)

पहिला भाग झाकला तर दुसरा कोसळतो का, हीच कसोटी इतरत्र लावून पाहिली. २०२२ सालच्या 'पुस इन बूट्स : द लास्ट विश'मध्ये नऊ जन्मांची बढाईच मुळावर येते : आठ जन्म उधळून झाले आहेत आणि मृत्यू लांडग्याच्या रूपात शीळ घालत मागे लागला आहे. 'ने झा' या चिनी ॲनिमेशनपटाच्या २०१९ च्या पहिल्या भागाअखेर दोन्ही नायकांची शरीरे नष्ट होऊन केवळ आत्मे उरतात आणि २०२५ चा दुसरा भाग ती शरीरे कमळातून पुन्हा घडवण्यापासूनच सुरू होतो. (ने झा हे नाव आपल्या नलकूबरावरून, म्हणजे यमलार्जुनाच्या कथेतल्या कुबेरपुत्रावरून, चीनमध्ये गेले असे अभ्यासक मानतात.) जगभरात दोन अब्ज डॉलरांच्या पुढे जाणारा पहिला ॲनिमेशनपट हा दुसरा भागच ठरला.

अर्थात गल्ल्यावरून कसोटी लावणे मला फारसे पटत नाही. ड्रॅगनच्या दुसऱ्या भागाने अमेरिकेत पहिल्यापेक्षा कमी, सुमारे १७.७ कोटी डॉलर मिळवले, पहिल्याचे तिथले उत्पन्न सुमारे २१.७ कोटी होते; जगभरात मात्र दुसऱ्याने सुमारे ६२ कोटी गाठून पहिल्याच्या जवळपास ४९.५ कोटींना मागे टाकले. हा चित्रपट यशस्वी की अयशस्वी, हे मग कोणत्या देशात बसून विचारायचे?

आता माझ्या कामाकडे येतो. देवचार काढून टाकला आहे. नवी गोष्ट अशी, की मुलीने शिवलेल्या वहाणा इतक्या चांगल्या निघतात की राखणदाराचे पाय आता शिवेवर थबकत नाहीत. तो रोज थोडा पुढे जातो आणि एका रात्री परततच नाही. गाव उघडे पडते ते तिच्या कसबामुळे. मुलगी चार वर्षांनी मोठी दाखवतो आहे, त्यामुळे जुना रिग, म्हणजे पात्र हलवण्याचा आतला सांगाडा, जसाच्या तसा वापरता येणार नाही. नव्या स्टोरीबोर्डच्या ३४ चौकटी झाल्या आहेत आणि पहिल्या ४० सेकंदांचे ॲनिमॅटिक तयार आहे. चालण्याची चक्रे सेकंदाला बारा चित्रांवर ठेवली आहेत, फक्त राखणदार शीव ओलांडतो तेवढ्याच शॉटला पूर्ण चोवीस दिली आहेत, म्हणजे त्या एका पावलात त्याची चाल अचानक मोकळी झालेली दिसेल.

शेवट अजून सुटलेला नाही. तिने वहाणा परत मागून घ्याव्यात हे सुचले होते, पण त्यामुळे पहिला भाग नुसताच पुसला जातो. सध्या मी तिला दुसरा, मुद्दाम थोडा घट्ट जोड शिवताना काढतो आहे आणि तिच्या हातातली आरी दर तिसऱ्या फ्रेमला चामड्याच्या आरपार जाते आहे. ती आधी दुरुस्त करतो.