तायफेरचे ताल्यार्ड कसे झाले: केप टाउन ते फ्रान्सहूक, आडनाव शोधत

बायको साऊथ आफ्रिकेची, आणि सासूबाईंचं माहेरचं आडनाव ताल्यार्ड. लहानपणापासून त्यांना एवढंच माहीत की "आपण मूळचे फ्रेंच ह्युगनो", त्यापुढे काहीच नाही. मार्चमध्ये सासरी गेलो होतो, तेव्हा म्हटलं चला, बघूच एकदा. ज्यांना असं काही शोधायचंय, किंवा नुसतंच फिरायचंय, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट लोकांना, म्हणजेच ह्युगनोंना, 1598 च्या नांतच्या फर्मानाने थोडीफार मोकळीक होती, ती चौदाव्या लुईने 1685 ला काढून घेतली आणि लोक मिळेल त्या वाटेने पळाले. बरेच हॉलंडला गेले. तिथे डच ईस्ट इंडिया कंपनीला केपमध्ये शेतकरी हवेच होते, मग 1688-89 मध्ये दोनशेच्या आसपास लोक जहाजांनी इकडे आले. त्यातल्या ऊस्टरलांड नावाच्या जहाजावर शातो-तिएरी गावचा इझाक तायफेर होता, धंदा टोप्या बनवायचा, सोबत बायको सुझान आणि मुलं. हाच ताल्यार्ड लोकांचा मूळपुरुष. तायफेरचं ताल्यार्ड कसं काय झालं हे मला आधी पटतच नव्हतं, पण जुन्या नोंदी बघायला लागलात की पटतं. लिहिणारा कारकून डच, सांगणारा फ्रेंच, आणि स्पेलिंग पक्कं नसतंच, त्यामुळे एकच माणूस बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक, जमिनीच्या कागदात दुसरा आणि मृत्युपत्रात तिसराच.

क्रिकेटवाल्यांना ही आडनावं पाठच आहेत खरंतर. क्रोन्ये म्हणजे मूळचे क्रोनिए. डू प्लेसी हे जहाजावरच्या एका सर्जनचं आडनाव, त्याचं पूर्ण नाव ज्याँ प्रिएर द्यु प्लेसी, त्यातलं प्रिएर गळालं. राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांचे पूर्वज ल क्लेर्क, म्हणजे फ्रेंच 'ल' जाऊन डच 'डी' आला. फिल्यून म्हणजे व्हियों, आणि हा माणूस तर 1671 लाच केपमध्ये पोचला होता, 1685 च्या कितीतरी आधी, त्यामुळे "आडनाव फ्रेंच म्हणजे 1688 चं जहाज" असं धरून चालू नका. जुबेर, रूसो, ड्यू ट्वा मात्र स्पेलिंगला तसेच राहिले, उच्चार तेवढे बदलले.

म्हणून पहिला सल्ला हाच की स्पेलिंगने शोधू नका, कानाने शोधा. आणि त्याहून भरवशाचं म्हणजे शेताचं नाव आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार. साक्षीदार बहुतेक वेळा काका, मावशी, शेजारी असतात, आडनाव वेडंवाकडं लिहिलं असलं तरी तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसली की घर ओळखू येतं. दुसरं, मुलांची नावं ठरलेल्या क्रमाने ठेवत: पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसरा आईच्या वडिलांचं, पहिली मुलगी आईच्या आईचं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे तसंच. त्यामुळे आजोबांचं नाव माहीत नसेल तर नातवांच्या नावावरून अंदाज बांधता येतो, फक्त मध्ये एखादं मूल वारलं असेल तर तेच नाव पुढच्याला परत ठेवत, तिथे घोळ होतो.

घरूनच सुरुवात करा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर डच रिफॉर्म्ड चर्चची रजिस्टरं फुकट आहेत, फक्त लॉगिन लागतं. वंशावळीच्या छापील खंडांत a1, b2, c3 असे कोड दिसतील, घाबरू नका, a म्हणजे मूळपुरुष, b त्याची मुलं, c नातवंडं, आणि आकडा म्हणजे कितवं मूल. एवढं कळलं की सगळं वाचता येतं.

मग केप टाउनचं अर्काइव्ह, रूलंड स्ट्रीटवर, जिथे पूर्वी तुरुंग होता. फक्त वीकडेजला उघडं असतं, पासपोर्ट आणि पेन्सिल जवळ ठेवा. इथली खरी मजा म्हणजे वेसकामरचे कागद. माणूस मेल्यावर वारसांचा वाटा सांभाळणारं ते कंपनीचं खातं, घरातल्या चमच्यापर्यंत सगळ्याची यादी करायचं. यातल्या बऱ्याच याद्या आता ऑनलाइनही वाचता येतात. पण तयारीने वाचा, कारण बैल, पिंपं, पलंग यांच्याच रांगेत गुलाम माणसंही येतात. "अमुक व्हान बेंगाले", "तमुक व्हान मालाबार". ह्युगनोंचं आडनाव मोडकंतोडकं का होईना टिकलं, या लोकांचं मूळ नावही गेलं आणि मागे फक्त बंदराचं किंवा मुलखाचं नाव राहिलं. आणि केपच्या जुन्या गोऱ्या घराण्यांच्या झाडात हे लोक असतात बरं का. बंगालहून आणलेली अँजेला 1666 ला मुक्त झाली, पुढे बासोन नावाच्या माणसाशी तिचं लग्न झालं, आज तिचे वंशज सगळीकडे आहेत. आडनाव एकच रेघ दाखवतं, बाकी झाड डच, जर्मन आणि आशियाई आहे. अर्काइव्हनंतर त्याच शहरातलं स्लेव्ह लॉज म्युझियम नक्की बघा.

मग फ्रान्सहूक, ह्युगनोंना जिथे जमिनी मिळाल्या त्यातलं एक गाव. शहरापासून साधारण 75-80 किमी, गाडी घ्याच, ड्रायव्हिंग आपल्यासारखं डावीकडून. मेन रोडच्या टोकाला ह्युगनो स्मारक आहे, 1948 चं, तीन कमानी आणि पुढे एका हातात बायबल, दुसऱ्या हातात तुटलेली साखळी घेतलेली बाई. फोटोसाठी छान आहे, मला स्वतःला शेजारचं म्युझियम जास्त आवडलं, शोध घेणाऱ्यांनी तिथेच जास्त वेळ द्यावा. येताना शेतांच्या पाट्या वाचत या, ला मोट, ला ब्री, प्रोव्हान्स, भाषा गेली पण पाट्या फ्रेंचच राहिल्या.

भाषा जाण्यामागे गव्हर्नर सिमोन व्हान डेर स्टेलचं धोरण होतं. फ्रेंचांना एकत्र वसू न देता डचांच्या मध्ये मध्ये जमिनी दिल्या, पुढे 1701 ला शाळेत डचच शिकवायचा हुकूम आला, दोन-तीन पिढ्यांत खेळ खल्लास. गंमत म्हणजे या गव्हर्नरची आजी गोव्याची होती, मोनिका नावाची, गुलामीतून सुटलेली. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग तुमचे आणि आमचे आधीपासूनच ओळखीचे!

जुलैत जाणार असाल तर 14 जुलैच्या आसपास गावात बॅस्टीलचा उत्सव असतो, हॉटेलं भरलेली असतात आणि पाऊसही असतो. (राज्यक्रांतीच्या शंभर वर्षं आधीच हाकललेल्यांच्या गावात राज्यक्रांतीचा उत्सव, असो.) फेब्रुवारी-मार्च द्राक्षतोडणीचा सीझन, हवा मस्त. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, वेळ धरून करा. आणि स्टेलनबॉशला वंशावळ संस्था आणि चर्चचं अर्काइव्ह आहे, तिथे जाण्याआधी ईमेल करून कुठलं घराणं, कुठलं शेत, कुठलं साल ते कळवा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत निदान काय मागायचं ते ठरलेलं असेल.