छोटं जातंय, मोठं अडकतंय

शाखेतल्या मॅडमनी पहिल्याच फोनला सांगितलं होतं, "अहो छोटं जातंय, मोठं अडकतंय." तक्रारीच्या तिकिटात काय लिहिलं गेलं? "नेट स्लो." तिकीट माझ्यापर्यंत यायला दोन दिवस गेले, तोवर त्यांचा पीसी फॉरमॅट झालेला, केबल बदललेली आणि राउटर किती वेळा बंद-चालू केला ते देवालाच माहीत.

मी पण आधी पिंगच मारला, म्हणजे डेटाचं एक छोटं पाकीट पाठवून उत्तर येतं का बघितलं. एकदम मस्त. पण साधा पिंग 32 बाइटचा, त्याच्यावरून लाइन ठीक म्हणणं म्हणजे बोळातून सायकल गेली म्हणून ट्रकही जाईल म्हणण्यातला प्रकार. साधी मेल जात होती, लॉगिन होत होतं, स्कॅन केलेली पीडीएफ टाकली की मात्र गोल फिरत बसायचं. एरर नाही, काही नाही.

शाखा आणि हेड ऑफिसच्या मध्ये आमचं जीआरई टनेल आहे, म्हणजे आपलं पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून इंटरनेटवरून पाठवायचं. त्या वेष्टनाला 24 बाइट लागतात म्हणून 1500 मधून 24 वजा करून टनेलचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल साइझ, 1476 ठेवलेला, आणि तो जुन्या लाइनवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. त्या आठवड्यात लाइन बदलली. नवीन कनेक्शन पीपीपीओईवालं, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायचं, डायल होतं प्रोव्हायडरच्या राउटरवर आणि आमचा राउटर त्याच्या मागे. पीपीपीओई स्वतःचे 8 बाइट खातं, उरतात 1492. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मग डीएफ लावून, म्हणजे पाकीट तोडायचं नाही असं सांगून, साइझ वाढवत पिंग मारत गेलो. 1440 गेला, म्हणजे पिंगच्या हेडरचे 28 धरून 1468. 1441, गप्प. 1448 पर्यंत गप्पच. आणि 1449 ला आमचाच राउटर लगेच बोलला की पाकीट मोठंय, तोडावं लागेल! खरं सांगतो, खुर्चीतून उठलो मी. वर उत्तर येतं, खाली उत्तर येतं, मधले बरोब्बर 8 बाइट गायब. प्रोव्हायडरचा राउटर सांगत असणार की हे मावत नाही, लहान करा, पण तो निरोप आयसीएमपीने, म्हणजे पिंग आणि असे निरोप ज्यातून जातात त्या प्रोटोकॉलने येतो आणि आमच्या फायरवॉलवाल्या पठ्ठ्याने बाहेरून येणारं सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलेलं. सिक्युरिटी म्हणे. पिंगचं उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊ बाबा, पण 'पाकीट मोठंय' हा निरोप तरी आत येऊ दे ना!

मी हिशोब मांडत होतो, 1492 वजा 24 म्हणजे 1468, त्यातून आयपी-टीसीपी हेडरचे 40 काढून एमएसएस, म्हणजे एका पाकिटातल्या मूळ डेटाची मर्यादा, 1428, तेवढ्यात आमच्या ज्युनिअरने टनेलला सरळ 1400 टाकलं आणि म्हणाला, सर बघा, चाललं. कसं काय, विचारलं तर म्हणे, "नेहमी 1400 च टाकतो." चाललं हे खरं. राग आला हेही खरं, आणि तो त्याच्यावर होता की स्वतःवर ते अजून नीट कळलं नाहीये. संध्याकाळी गुपचूप 1468 आणि 1428 केलं, दोन्ही टोकांना. 68 बाइट वाचवून मी कुणाचं काय भलं केलं ते विचारू नका.

आयसीएमपीचा नियम तसाच आहे. बदलायला मंजुरी लागते, मंजुरी तोच फायरवॉलवाला देतो.

तिकीट बंद करताना कारण यादीतून निवडावं लागतं, त्यात एमटीयू नाहीच. "लाइन प्रॉब्लेम" टाकलं. मग मॅडमना फोन केला, झालंय म्हणून. त्या म्हणाल्या, "म्हणजे मोठंच अडकत होतं ना?"

म्हटलं, हो मॅडम.