चार फुटी टाकी आणि आप्पांचा फिल्टर

रविवार

समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट सुरू होतंय. तिथलं एक कुटुंब भाड्याच्या घरात चाललंय आणि तिकडे टाकीला जागा नाही, म्हणून त्यांची माशांची चार फुटी टाकी स्टँडसकट आमच्याकडे आली. लिफ्टमध्ये मावेना. सिडकोच्या जिन्याची वळणं काय चीज आहे, ते आज चार माणसांना नीट कळलं.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आप्पांनी पेपरच्या कडेवर हिशोब मांडला: नऊ घनफूट, म्हणजे काठोकाठ २५५ लिटर. नुसतं पाणीच अडीचशे किलो, काच-खडी-स्टँड धरून तीनशेच्या वर. हॉलच्या मधोमध ठेवायचा चिरंजीवांचा बेत तिथेच बारगळला. भिंतीला लागून, खालून बीम जातो तिथे टाकी बसली. सासूबाईंचा शिवणयंत्राचा कोपरा गेला, त्याबद्दल अजून बोलणी खातेय.

मंगळवार

टाकी बाल्कनीत काढून भरून ठेवली होती, एका कोपऱ्यातून पाझरते. जुनं सिलिकॉन तिथे पिवळं पडून सुटलंय. हार्डवेअरवाला बाथरूमचं अँटी-फंगस सिलिकॉन गळ्यात मारत होता, ते नको म्हटलं. बुरशी मारणारं औषध माशांना कसं चालेल? साधं, लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं घेतलं. जुनं ब्लेडने खरवडून काढल्याशिवाय नवं धरत नाही, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही. काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग मात्र खऱ्या व्हिनेगरनेच गेले.

गुरुवार, रात्री

फिल्टरच्या किमती बघून झोप उडाली. एवढ्या मोठ्या टाकीला चालेल असा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घ्यायचा, तर टाकी फुकट मिळाल्याचा आनंद तिथेच संपतो.

पण वाचत गेले तसं लक्षात आलं की या डब्यांत महाग काय असतं, तर डबाच. खरं काम बॅक्टेरिया करतात. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचा नायट्रेट करतात, तो बराच सौम्य, आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतो. या मंडळींना लागतं काय? चिकटून बसायला खडबडीत जागा आणि भरपूर हवा. ती जागा परदेशी सिरॅमिकच्या नळ्यांची आहे की फुटक्या कुंडीची, याची त्यांना काही पडलेली नाही.

मग पैसे कुठे घालायचे? माझ्या मते पंपात, सिलिकॉनमध्ये आणि पाणी तपासायच्या किटमध्ये. बाकी सगळं घरात आहे. कुणीतरी कूलरचा पंप सुचवला, स्वस्त पडतो म्हणून. नको. बारा महिने, चोवीस तास पाण्यात बुडून चालायला तो केलेलाच नसतो, आणि त्याच पाण्यात मुलगा हात घालणार.

शनिवार

आप्पा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. आज त्यांचा हात चालताना बघितला. बाल्कनीतल्या आयताकृती प्लास्टिकच्या कुंड्या एकावर एक रचून टाकीच्या वर बसवल्या. तळाला भोकं हवीत. ड्रिलने प्लास्टिक तडकतं, म्हणून त्यांनी जुना सोल्डरिंग आयर्न तापवून एकेक भोक पाडलं. प्रत्येक भोकाची कड आतून वर उचलल्यासारखी राहिली होती. ती ब्लेडने सपाट केली, नाहीतर तिथे पाणी साचून राहतं म्हणाले.

"अगं, पाण्याला खाली जायची घाई असते, आपण फक्त त्याला हिंडवायचं."

सगळ्यात वर गाळण्यासाठी उशीतला सिंथेटिक कापूस, त्याखाली जाड फोम, त्याखालच्या दोन कुंड्यांत फुटक्या मातीच्या कुंड्यांच्या खापऱ्या आणि मंगळुरी कौलांचे तुकडे. सिमेंट लागलेला एकही तुकडा घेतला नाही, त्याने पाणी अल्कली होतं. पंप टाकीत खाली, त्यातून पाईप वरपर्यंत, आणि सगळ्यात वरच्या कुंडीत भोकं पाडलेला आडवा पीव्हीसी.

पंपाच्या खोक्यावर ताशी २००० लिटर लिहिलंय. आप्पांचा खोक्यांवर विश्वास नाही. वीस लिटरची बादली पाईपखाली धरली आणि घड्याळ लावलं: बरोब्बर एक मिनिट. म्हणजे ताशी १२००. पाणी जितकं उंच चढवावं तितका पंप दमतो. तरी टाकीचं पाणी तासाला पावणेपाच वेळा फिरतं. चार-पाच वेळा फिरलं की पुरे असं म्हणतात, तेव्हा ठीकच.

खाली स्टँडमध्ये सम्प, म्हणजे फिल्टरची वेगळी छोटी टाकी, करावा असं आधी माझ्या मनात होतं. दिसतं छान, सगळं झाकलेलं. पण वीज गेली की वरचं पाणी सायफनने खाली उतरतं, आणि हिशोब जरा चुकला की फरशीवर. वरच्या फिल्टरचं पाणी गेलं तर टाकीतच जाणार. शिवाय बंद कॅनिस्टरमध्ये वीज बराच वेळ गेली तर आतले बॅक्टेरिया हवेवाचून मरतात. इथे खापऱ्या ओल्या राहतात आणि हवा चहूबाजूंनी लागते.

वायरला प्लगच्या खाली झोळ दिलाय, ओघळ आला तर तो जमिनीवर गळेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. पंप अठरा वॉटचा, महिन्याला तेरा युनिट.

सोमवार

रात्री दोनला सासूबाई उठून स्वयंपाकघराचा नळ तपासून आल्या. मग बाथरूमचा. मग मला उठवलं. सकाळी खालच्या कुंडीला पाईप जोडून त्याचं टोक पाण्यात बुडवलं, आता नुसती खळखळ येते.

टाकीत मासे नाहीत, पाणी उघडं आणि दिवस पावसाळ्याचे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि महापालिकेची माणसं कुंडीखालच्या ताटल्यासुद्धा वाकून बघतात. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वर ताणून बसवलाय.

शुक्रवार

चिमूटभर माशांचं खाणं रोज टाकतेय, कुजून अमोनिया व्हावा आणि त्यावर बॅक्टेरिया वाढावेत म्हणून. नळाचं पाणी आधी बादल्यांत एक दिवस ठेवते, क्लोरीन उडून जायला. क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, आपले कोणते आणि परके कोणते हे त्याला कळत नाही. म्हणूनच पुढे फोम धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली कधीच नाही. ही सूचना कामवाल्या मावशींना दोनदा दिलीय, आप्पांना चारदा.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या चालू टाकीतला मळका स्पंज मागून आणला आणि खापऱ्यांवर पिळला. वास विचारू नका. पण विरजण लागलं बहुतेक, कारण आज किटमध्ये अमोनिया उतरलाय आणि नायट्राइटची जांभळी छटा गडद झालीय. दोन्ही शून्यावर येईपर्यंत कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात जायचं नाही, असं चिरंजीवांना बजावलंय. याला महिना-दीड महिना लागू शकतो, हे अजून सांगितलेलं नाही.

त्याला गोल्डफिश हवेत. सुंदर असतात, पण घाण दामदुप्पट करतात. आप्पांना म्हटलं, एवढ्या खापऱ्या पुरतील ना? ते बाल्कनीतल्या उरलेल्या कुंडीकडे बघत होते. तिच्यात माझा कढीपत्ता आहे.