तुम्ही विचारलंत म्हणून: काका औषधं का सांगत नाहीत?

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातली फेरी संपली की कुणीतरी मला हमखास बाजूला घेतं. "ताई, काकांना सगळं माहीत असतं ना? मग औषधाचं विचारलं की विषय का बदलतात?" गेल्या रविवारी तिघांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

काका म्हणजे आमचे वाटाडे. येऊरच्याच एका पाड्यावरचे, वारली. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली. नोकरी सांभाळून महिन्यातले दोन रविवार दहा-पंधरा जणांना घेऊन जाते. शास्त्रीय नावं मी सांगते, बाकी सगळं त्यांचं.

आणि ते बाकीचं काही थोडंथोडकं नाही. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दाखवतात, खाली वाकलेल्या फांदीचं पान न तोडता उलटं करून देठाजवळच्या दोन गाठी चाचपायला लावतात. पाड्यातल्या कुंपणाच्या सागाचं कोवळं पान पोरांच्या तळहातावर चुरडतात. हात लालभडक होतो, पोरं खूश, आया हवालदिल. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ नंतर २०२४ ला फुलली, तेव्हा अर्धं ठाणं कॅमेरे घेऊन वर आलं होतं. काका म्हणाले, "फूल तुमचं, काठी आमची." फुलून बी धरलं की कारवी वाळते, आणि तिच्या काठ्यांचा कूड शेणमातीने लिंपला की घराची भिंत उभी राहते.

पण खरे रंगतात ते शेवळांवर, म्हणजे पावसाळी रानभाजीवर. पावसाच्या तोंडावर जमिनीतून नुसता जांभळट-तपकिरी कोंब वर येतो. तो फुलोरा. पान मागाहून येतं, छत्रीसारखं पसरट, आणि ज्याला माहीत नाही त्याला दोन्ही एकाच झाडाचं आहे हे पटत नाही. पाड्यातल्या बाया कोंब जमिनीलगत मोडतात, खालच्या कांद्याला हात लावत नाहीत. कांदा गेला की पुढच्या वर्षीचं शेवळ गेलं. जांभळी नाक्याला जुडी घेताना टोपलीवाली बाई वाटाभर आंबट काकडंही (काकड झाडाची फळं) देते, ती उगाच नव्हे. शेवळांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घशाला टोचतात. खाज मारायला आंबट लागतंच. मी एकदा, शास्त्र शिकल्याच्या तोऱ्यात, "नीट उकळलं की झालं" म्हणून काकडं न घालता भाजी केली. रात्रभर घसा खाजवत बसले. काकांना सांगितलं तर ते पोट धरून हसले.

म्हणजे माणूस बोलका आहे. औषधाचंही पूर्वी बोलायचे. सात-आठ वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी विचारलं म्हणून त्यांनी ओढ्याजवळचा पांढरा कुडा दाखवला, त्याची साल जुलाबावर कशी देतात ते सांगितलं. आम्ही घ्यायचो तर एका अंगाने दोन बोटं रुंद, हेही सांगितलं. गृहस्थ मोबाइलवर चित्रीकरण करत होते. पंधरा दिवसांनी त्याच वाटेने गेलो तर कुडा गुडघ्यापासून छातीपर्यंत चहूबाजूंनी सोललेला. पानांत तयार झालेलं अन्न सालीखालूनच मुळांकडे उतरतं. गोल साल काढली की झाड उपाशी मरतं. तो गृहस्थ होता की आणखी कुणी, आम्ही पाहिलेलं नाही. काकांनी खोडावर हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "मीच दाखवला." तेव्हापासून बंद. हे जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने इथलं काही न्यायला मनाई आहे, हे मी दर फेरीच्या सुरुवातीला सांगते. माना डोलतात.

दुसरं कारण कळलावीचं. पावसाळ्यात पिवळ्या-लाल पाकळ्यांच्या ज्वाळा पेटल्यासारखी दिसते, सगळे तिच्यावर तुटून पडतात. प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून कळलावी, एवढं नावातच आहे. पण तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, तेच जे गाउटच्या, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या आजारावरच्या, गोळीत मोजून घालतात, आणि औषध कुठे संपतं नि विष कुठे सुरू होतं यातलं अंतर फार थोडं. कंद किती, कधी काढलेला, कुणाला, हे बघायला पाड्यावर जाणता माणूस असतो आणि रोगी त्याच्यासमोर बसलेला असतो. रविवारी टोपी घालून आलेल्या पंधरा जणांना ते कसं सांगणार?

मला स्वतःला आधी राग यायचा. वाटायचं, म्हातारा दडवतो, आणि त्याच्याबरोबर हे सगळं जाणार. आता तसं वाटत नाही. त्यांची नात सुट्टीत बरोबर येते, तिला ते बाजूला नेऊन काहीबाही दाखवतात. मी मुद्दाम मागे राहते. व्यापारासाठी असं ज्ञान वापरलं तर लाभात वाटा द्यावा, असा २००२ चा जैवविविधता कायदा सांगतो. पण वहीत टिपून नेणाऱ्या हौशी माणसाला कसला कायदा? तिथे काकांनी गप्प बसणं हाच एक उपाय उरतो.

गेल्या रविवारी एका आजोबांनी पुन्हा विचारलंच, "साखरेवर काय घ्यावं?"

"डॉक्टर काय म्हणतो?"

"रोज चाला म्हणतो."

"मग इथं काय उभे राहिलात, चला की," म्हणून काका पुढे निघालेसुद्धा.